उपाशीपोटी, म्हणजे चहा घेऊन

महाडच्या एसटी स्टँडवर पोलादपूरच्या गाडीची वाट बघणाऱ्या माणसाच्या पिशवीत हमखास दोहोंपैकी एक कागद असतो. सातबारा, नाहीतर रक्ताचा रिपोर्ट. सातबारा बाहेर निघाला की माणूस वकील होतो. क्षेत्र किती, आकार किती, चुलत्याचं नाव कधी लागलं, आत्यांची नावं कोणत्या फेरफाराने उडाली, इतर हक्कात सोसायटीचा बोजा अजून का दिसतो, हे सगळं तो चष्मा न लावता सांगतो. नुसत्या एका उताऱ्यावर तो कधी विसंबत नाही. मागचे फेरफार काढल्याशिवाय सख्ख्या भावाबरोबरही तो बांधावर उभा राहत नाही. आणि हाच माणूस थायरॉईडचा रिपोर्ट हातात आला की एकदम दहावीतला मुलगा होतो. टी-थ्री, टी-फोर आणि टीएसएच या तीन विषयांत आपण पास की नापास, एवढंच त्याला बघायचं असतं. आकडा ठळक छापलेला दिसला की नापास. शेजारी बसलेली बाई, जिचा या कागदाशी काडीचा संबंध नसतो, मान लांब करून विचारते, "किती आला?" "साडेसात." "अगो बाय! म्हणजे साडेसातीच की. माझा नऊ होता. धण्याचं पाणी प्यायले, उतरला." निदान, औषध आणि दुसऱ्याचं मत हे तिन्ही प्रकार गाडी फलाटाला लागायच्या आत उरकतात, तेही फुकटात. डॉक्टर तेवढा राहिलेला असतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की, थायरॉईडचा रिपोर्ट हा अर्धाच कागद असतो. उरलेला अर्धा पेशंटच्या तोंडात असतो, आणि तो दाताखाली घट्ट धरूनच आपण दवाखान्यात शिरतो. यावर पहिला आक्षेप येतो तो शिकलेल्या भाच्याकडून. रिपोर्टची पीडीएफ घाटकोपरला त्याच्याकडे आधीच गेलेली असते. तो म्हणतो, "मामा, आता रिपोर्टमध्ये सगळं लिहिलेलं असतं. नॉर्मल किती, तुमचा किती, बाजूला चांदणी. यात डॉक्टरला काय सांगायचंय?" भाचा हुशार आहे, पण ती नॉर्मलची चौकट कशी आखतात हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. साधारणपणे धडधाकट माणसं जमवतात, त्यांचे आकडे ओळीने मांडतात आणि मधली ९५ टक्के माणसं चौकटीत घेतात. म्हणजे शंभरातली पाच धडधाकट माणसं व्याख्येनेच चौकटीबाहेर उभी राहतात, लग्नाच्या ग्रुप फोटोत कडेचे दोन काका राहतात तशी. आता यावर पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त भरलेलं आरोग्य शिबिर लावा. एका बाटलीत वीस तपासण्या. प्रत्येक तपासणीत चौकटीत राहण्याची शक्यता ९५ टक्के धरली आणि एकीचा दुसरीशी संबंध नाही असं मानलं, तरी विसाच्या वीस चौकटीत यायची शक्यता जेमतेम ३६ टक्के उरते. उरलेल्या ६४ टक्के निरोगी माणसांना एकतरी चांदणी मिळतेच. फ्लेक्सवर हात जोडून हसणाऱ्या पुढाऱ्याला कल्पना नसते की त्याच्या दीर्घायुष्यासाठी निम्म्याहून जास्त आळीने झोप गमावली आहे.

शिवाय आकडा कुठल्या मापाचा, हा एक वेगळाच तमाशा असतो. एका लॅबने 'फ्री टी-फोर' १.२ लिहिला आणि दुसरीने १५.४, तर घरात रडारड सुरू होते. खरं तर दोन्ही आकडे एकच असतात. एकाने नॅनोग्रॅमात मोजलं, दुसऱ्याने पिकोमोलमध्ये; शेरात मोजलं काय आणि किलोत मोजलं काय, तांदूळ तेवढेच. आणि 'फ्री' शब्द गळून नुसता टी-फोर मोजला असेल तर तो आकडा मुळातच निराळ्या गोष्टीचा असतो. एका शब्दाने काय फरक पडतो, असं महाडच्या माणसाने तरी विचारू नये. एका कान्यामुळे अष्टविनायकाला निघालेली माणसं खालापूरच्या महडऐवजी चवदार तळ्याशी उतरून वरदविनायकाची चौकशी करतात, हे त्याला ठाऊक असतं. तिथे तो पाहुण्याला हसतो आणि संध्याकाळी घरी येऊन दोन लॅबचे दोन आकडे शेजारी ठेवून आपला आजार तेरापट वाढला म्हणून गादीवर पडतो.

आता टीएसएचकडे. हा आकडा उलटा चालतो, हेच मूळ दुखणं आहे. टीएसएच वाढला म्हणजे थायरॉईड वाढला अशी सार्वत्रिक समजूत आहे, आणि ती नेमकी उलटी आहे. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत हे समजावून द्यायला डॉक्टरी भाषेची गरज नाही, कारण तिथली निम्मी घरं पिढ्यान् पिढ्या याच हिशोबावर चालली. मुलगा मुंबईला गिरणीत, आई गावी. मुलगा म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी. त्याची मनीऑर्डर म्हणजे टी-फोर. आणि आई म्हणजे मेंदूच्या तळाशी बसलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी. मनीऑर्डर वेळेवर आली की आई गप्प असते. ती कमी पडू लागली की आई पत्रं धाडते, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप धाडते, आजच्या काळात दिवसाला सात फोन करते. टीएसएच म्हणजे हे आईचे फोन. रिपोर्टात आपण मोजतो तो तिचा आरडाओरडा. मनीऑर्डर थोडीशी घटली तरी फोन मात्र दुपटीतिपटीने वाढतात, कारण आईचा हिशोब सरळ रेषेत कधीच नसतो. मुलाची कमाई का घटली याचंही कारण बहुतेक वेळा घरचंच निघतं. गावकीच्या खोलीत राहणारे आपलेच गाववाले त्याच्या खिशात हात घालतात, तशी शरीराची संरक्षक फौजच थायरॉईडवर उलटते. 'अँटी-टीपीओ' नावाची महागडी तपासणी एवढंच सांगते की खोलीत असे गाववाले आहेत का. आणि रोजची गोळी म्हणजे मुलाच्या नावाने दुसऱ्याच कुणी भरलेली मनीऑर्डर. आईला पावतीवरचं अक्षर ओळखू येत नाही. पैसे पोचले, ती शांत झाली.

या हिशोबात दोन खाचा आहेत आणि लोक बरोबर त्यांतच पाय घालतात. पहिली घाईची. गोळी सुरू करून दहा दिवस झाले की पेशंट लॅबच्या दारात उभा. रक्तातला टी-फोर निम्मा व्हायलाच साधारण आठवडा लागतो, त्यामुळे नवा हिशोब बसायला आणि आईचा विश्वास बसायला सहा ते आठ आठवडे जातात. महिनोन् महिने पैसे न पाठवलेल्या मुलाची एक मनीऑर्डर आली म्हणून कुठली आई दुसऱ्या दिवशी फोन थांबवते? दुसरी खाच विजयाची. "माझा पार शून्यावर आणला," असं छाती पुढे काढून सांगणारे लोक आहेत. टीएसएच शून्याजवळ गेला म्हणजे आई खूश झाली असं नव्हे. पैसे इतके येऊन पडलेत की तिने फोन उचलून आत ठेवून दिलाय. मग छातीत धडधड, हाताला कंप, रात्रभर डोळा लागत नाही, आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर हाडं पोकळ. पण "शुगर कमी आली, कोलेस्टेरॉल कमी आलं" या चालीवर हेही यश म्हणून पेढे वाटून साजरं होतं.

मधला एक प्रकार सगळ्यात अवघड. टी-फोर चौकटीत, टीएसएच मात्र थोडा वर. पैसे पुरते पोचतायत, तरी आईचे फोन चालूच. मुलगा खरंच अडचणीत येणार आहे, की आईचा स्वभावच तसा आहे? एका दिवसावरून हे ठरत नाही. पहाटेच्या गाडीने येऊन दिलेल्या रक्तात टीएसएच जरा चढा दिसतो, दुपारी उतरलेला. वय वाढलं की तो थोडा वर सरकणं नैसर्गिक असतं. म्हणून दोनतीन महिन्यांनी पुन्हा बघा असं डॉक्टर सांगतात. आकडा १० च्या वर गेला तर सहसा गोळीकडे वळतात, खाली असेल तर वय, त्रास आणि बाकीच्या गोष्टी बघून ठरवतात. गरोदर बाईची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी. तिथे चौकटही वेगळी आणि थांबून बघण्याची चैनही नाही. इथे सातबाऱ्याचा माणूस खरा कामाला यायला हवा. मागचे फेरफार, म्हणजे जुने रिपोर्ट, तारखेने लावून आणले तर डॉक्टरचं निम्मं काम होतं. पण विचारलं की उत्तर येतं, "फाईल पुरात गेली." २०२१ च्या जुलैत महाड पाण्याखाली गेलं तेव्हा घराघरांतल्या फायली खरोखरच गेल्या, त्याबद्दल थट्टा नाही. मात्र गेल्या दिवाळीतला रिपोर्टसुद्धा त्याच पुरात गेला असं सांगणारे लोक निघतात, तेव्हा सावित्रीच्या पुराचा पल्ला थक्क करून सोडतो.

आणि आता तोंडातला अर्धा कागद. दवाखान्यातला संवाद बहुधा असा होतो. "गोळी रोज घेता?" "रोज." "सकाळी?" "सकाळीच." "उपाशीपोटी?" "एकदम उपाशीपोटी, डॉक्टर. चहा झाला की लगेच." यात कुणी खोटं बोलत नाही. आपल्याकडे चहा खाण्यात धरतच नाहीत. तो उपासाला चालतो, सुतकात चालतो, भांडण झालेल्या घरातही चालतो. चातुर्मासाला जो चालतो तो पन्नासच्या गोळीला का चालू नये? अडचण इतकीच की गोळीने चातुर्मास पाळलेला नसतो. तिला नुसतं पाणी लागतं आणि पुढे अर्धा ते एक तास दुसरं काही नको असतं. तिचा जीव तरी केवढा? पन्नास मायक्रोग्रॅम औषध. एक ग्रॅम, म्हणजे भाजीत पडणाऱ्या मिठाच्या चिमटीएवढं औषध घेतलं तर त्याच्या वीस हजार गोळ्या होतात, रोज एक धरली तरी जवळजवळ ५५ वर्षं पुरतील. एवढ्याशा जिवावर आपण दुधाचा चहा, त्यात बुडवलेला बटर, आणि वरून कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी सोडतो. कॅल्शियम आणि लोह तर चार तास लांब ठेवायचं असतं. पण सगळ्या गोळ्या एका तळहातावर घेऊन एका घोटात संपवणं ही आपल्याकडे शिस्त समजली जाते. त्यात सूनबाईंनी केस गळतात म्हणून आणलेल्या बायोटिनच्या गोळ्या सासूबाईंनीही सुरू केलेल्या असतात. ते बायोटिन काही यंत्रांना असं चकवतं की थायरॉईड ठीक असलेल्या बाईचा रिपोर्ट भलतंच सांगू लागतो. डॉक्टर रिपोर्ट बघून कपाळाला आठ्या घालतात आणि सासूबाई गप्प, कारण "केसाचं औषध, त्याचा गळ्याशी काय संबंध?"

काही खरे प्रश्न पेशंटकडेच असतात, पण तो ते विचारत नाही. एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्याला 'सकाळी उपाशीपोटी' म्हणजे कुठली सकाळ? तो आठ वाजता घरी येतो, जेवतो, झोपतो. त्याने हे सांगितलं तर डॉक्टर त्याच्या झोपण्याच्या वेळेला, जेवणानंतर तीनेक तास ठेवून, गोळी बसवून देऊ शकतात. पण 'डॉक्टरला काय वाटेल' या एका भीतीपोटी तो मान हलवतो, आणि गोळी कधी पाळीला जाताना, कधी वरणभाताबरोबर, कधी मुळीच नाही, अशी चालते. मग तपासणीची तारीख जवळ आली की परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास सुरू होतो. चार दिवस न चुकता गोळी. रिपोर्ट येतो तो असा: टी-फोर उत्तम, टीएसएच अजून वरच. मनीऑर्डर परवाच आली, पण आई दोन महिन्यांचा राग विसरलेली नाही. हे दोन आकडे शेजारी दिसले की अनुभवी डॉक्टर गालातल्या गालात हसतात, कारण गोळ्या चुकवल्याची इतकी स्वच्छ कबुली पेशंटने तोंडाने कधीच दिली नसती.

यावर दुसरा, भारी वाटणारा आक्षेप असा की, महाड-पोलादपूरच्या माणसाला तोंड उघडायची सवयच नाही, साधासुधा माणूस. हे मला मान्य नाही, कारण पुरावा याच तालुक्यातला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावत होती. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून घाम, उलटी, गार पडलेले हातपाय, हृदयाचे ठोके यांची नोंद ठेवली, आणि धोक्याची चाहूल देणाऱ्या या लक्षणांवरचं त्यांचं लिखाण १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांवरून एका टक्क्यापर्यंत खाली आलं, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या कामाचा मोठा भाग विचारणं आणि बघणं हाच होता. तेव्हा याच डोंगरातली माणसं कुठल्या पायाला, किती वाजता, विंचू लाल की काळा, किती घाम आला, हे सगळं नीट सांगत होती. विंचू चावलेला माणूस "चहा घेतला की लगेच" असलं मोघम बोलत नाही. म्हणजे सांगता येत नाही असं नाही. थायरॉईड डंख मारत नाही, हळूहळू चढतो, एवढंच.

तिसरा आक्षेप वेळेचा. डॉक्टरकडे साठ पेशंट, प्रत्येकाला तीन मिनिटं, सांगायचं कधी? खरं आहे. पण त्या तीन मिनिटांचा हिशोब मांडून बघा. पहिलं मिनिट पिशवीतून कागद काढण्यात जातं. शिधापत्रिका निघते, लग्नपत्रिका निघते, शेवटी रिपोर्ट. दुसरं मिनिट नवरा घेतो. पेशंट बायको असते, पण फाईल नवऱ्याच्या मांडीवर आणि उत्तरंही त्याच्याच तोंडी. "काय त्रास होतो?" "काय नाय, नुसती झोपते." जी बाई पहाटे पाण्याला जाऊन, भाकऱ्या थापून, लावणी करून, गुरांचं बघून दुपारी घटकाभर आडवी होते तिला 'नुसती झोपते' असं म्हणतात, आणि ती खरंच थायरॉईडमुळे दमत असली तरी तो थकवा बाईच्या जातीला लागूनच आलेला असतो. तिसरं मिनिट वजनाचं. पंधरा किलो वाढले, ते सगळे थायरॉईडच्या नावावर. आता थायरॉईड कमी पडल्याने वाढणारं वजन सहसा दोन ते चार-पाच किलो, तेही बरंचसं अंगात साठलेलं पाणी. उरलेल्या दहा किलोंचा खुलासा गणपतीतले मोदक आणि शिमग्यातल्या पुरणपोळ्या करू शकतील, पण त्यांना कुणी साक्षीला बोलावत नाही.

आक्षेप चौथा संशयाचा: तपासण्या काय, कमिशनसाठीच लिहितात. याला हवेतलं बोलणं म्हणता येत नाही. पेशंट पाठवल्याबद्दल एका तपासणी केंद्राकडून आलेला १,२०० रुपयांचा चेक घेऊन मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करणारे डॉक्टर २०१३ साली महाडचेच होते, वर सांगितलेले बावस्करच. म्हणून तर उलट विचारायला हवं: ही तपासणी कशासाठी, नुसत्या टीएसएचवर भागेल का, पुन्हा कधी? गोळी चालू असलेल्या माणसाचं पुष्कळदा टीएसएचवर भागतंही. पण आपला संशय दवाखान्याबाहेर पानाच्या टपरीवर फार धारदार असतो आणि आत शिरला की चपलांबरोबर दारातच राहतो.

राहता राहिला तो "आम्ही मासे खातो, आम्हाला कसा होईल" हा दिलासा. २०१३ साली छापून आलेल्या आठ शहरांच्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांचा थायरॉईड कमी पडत होता. किनाऱ्यावरच्या शहरांत ९.५ टक्के, आतल्या शहरांत ११.७. समुद्र बाणकोटला, घाट आंबेनळीला, आणि महाड मधे लटकलेलं; त्याने कुठला आकडा घ्यायचा हे त्याचं त्याने बघावं. आयोडीनचं मीठ आता घरोघर आहे, आणि गावकीच्या खोलीतले गाववाले बांगडा खाणाऱ्याच्याही खिशात हात घालतात.

तर तीन मिनिटं संपतात. डॉक्टर पन्नासची गोळी पंचाहत्तरची करतात, चिठ्ठी फाडून देतात, पुढचा नंबर पुकारला जातो. नवरा फाईल आवरून बाहेर पडतो. बाई मात्र चपलेत एक पाय घालते, दुसरा पाय उंबऱ्यावर, आणि मान वळवून हळूच म्हणते, "डॉक्टर, ती गोळी ना... शिमग्यापासून संपलीच हाय."